एआर-१५ चा बफर: नळीपासून सुरुवात करा, वजन सगळ्यात शेवटी

एआर-१५ या सेमी-ऑटो रायफलचा धक्का जास्त बसतोय, रिकाम्या पुंगळ्या पार पुढे उडतायत, नाहीतर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट (गोळीच्या मागचं दार बंद करणारा पार्ट) मागे अडकतच नाहीये, असं काही झालं की लोक पहिलं काय करतात तर जड बफर मागवतात (बफर म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या स्टॉकमधल्या नळीत स्प्रिंगसोबत सरकणारा वजनाचा तुकडा). स्वस्त असतो, पटकन बसतो, त्यामुळे मोह होणारच. पण बफरचं वजन हा या सगळ्या हिशोबातला शेवटचा आकडा आहे. आधी स्टॉकमधली नळी कुठली ते बघायचं, मग स्प्रिंगची अवस्था, मग गॅस, आणि हे तिन्ही ठीक असेल तर मग वजनाकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की एक दुखणं झाकलं जातं आणि दुसरं सुरू होतं, आणि मग लोक वर्षभर पार्ट बदलत बसतात.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण हे अमेरिकेत राहणाऱ्या आणि कायदेशीर मालकी असलेल्यांसाठीच आहे. आपल्यातले बरेच जण एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर आहेत, त्यांनी हे नीट वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे "मित्राचीच आहे, घरी आणून फक्त बफर बदलून देतो" हेही करू नका, वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, कॅलिफोर्नियात चालणारी रायफल आणि टेक्सासमध्ये चालणारी रायफल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कॅनडात मे २०२० पासून एआर-१५ वर बंदी आहे, ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आपटते अशी) सेमी-ऑटो रायफल सामान्य माणसाला ठेवताच येत नाही, आणि भारतात साध्या लायसन्सवर अशी रायफल मिळत नाही. तिथल्या वाचकांनी हे माहिती म्हणून वाचावं.

बफर नक्की करतो काय

गोळी बॅरलमधून पुढे जात असताना थोडा गॅस बॅरलमधल्या छोट्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, वर येतो, गॅस ट्यूबमधून मागे येऊन बोल्ट कॅरियरमध्ये (बोल्ट धरून मागेपुढे सरकणारा पार्ट) शिरतो आणि कॅरियरला मागे ढकलतो. कॅरियर मागे सरकला की बोल्ट फिरतो, लॉक सुटतं, पुंगळी बाहेर पडते. कॅरियर आपल्यासोबत बफरलाही घेऊन स्टॉकमधल्या नळीत जातो, स्प्रिंग दबते, आणि परत येताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकातल्या जागेत, ढकलली जाते. म्हणजे बफर फक्त मागच्या टोकाला बसणारा दणका शोषतो असं नाही, तो पहिल्या क्षणापासून कॅरियरच्या वजनात भर घालतो. वजन जास्त तर कॅरियर हळू हलणार, लॉक जरा उशिरा सुटणार, तोपर्यंत चेंबरमधला दाब खाली आलेला असणार, पुंगळी सहज निघणार.

दुसरं काम आत दडलेलं असतं. कार्बाइन बफर (छोट्या नळीचा) हातात घेऊन कानाजवळ हलवा, खळखळ आवाज येतो. आत तीन सुटी वजनं असतात आणि त्यांच्यामध्ये रबराच्या चकत्या. कॅरियर पुढे जाऊन आदळतो तेव्हा ही वजनं क्षणभर उशिरा पुढे येऊन मागून ठोसा देतात, त्यामुळे कॅरियर आदळून परत मागे उसळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या एम-१६ मध्ये बारूद बदलल्यावर फायरिंगचा वेग वाढला आणि जुन्या बफरच्या जागी सरकत्या वजनांचा बफर आणावा लागला, तीच रचना आजपर्यंत चालू आहे. आवाज येतोय म्हणून आत काही चिकटवून वजनं घट्ट करणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका, तो आवाज म्हणजे बफर नीट असल्याची खूण आहे.

एके, रुगर १०/२२ वगैरे दुसऱ्या रायफलींसाठी "रिकॉइल बफर" म्हणून ज्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात तो प्रकार पूर्ण वेगळा, त्यांचा इथे संबंध नाही.

नळी ओळखा

एआर-१५ मध्ये मुख्यतः तीन नळ्या दिसतात. जुन्या धाटणीच्या फिक्स स्टॉकमध्ये लांब रायफल नळी, पुढे-मागे सरकणाऱ्या स्टॉकसाठी छोटी कार्बाइन नळी, आणि या दोघांच्या मधली ए-५ नळी, जी व्हल्टॉर कंपनीने आणली आणि आता बऱ्याच जणांकडे मिळते. बाहेरून बघितलं तर ए-५ आणि कार्बाइन सारख्याच दिसतात, पण ए-५ आतून साधारण पाऊण इंच जास्त खोल असते.

हे एवढं का सांगतोय तर नळी आणि बफरची लांबी एकमेकांशी बांधलेली आहे. कार्बाइन बफर साधारण सव्वातीन इंच, ए-५ चा चार इंच, रायफलचा जवळपास सहा इंच. आता समजा कोणी रायफल नळीत कार्बाइन बफर घातला, तर काय होणार? बफर नळीच्या तळाला टेकून कॅरियरला थांबवणार ही सगळी कल्पना, पण बफर आखूड असल्यामुळे तो टेकायच्या आधीच कॅरियरवरची गॅस की (गॅस आत घेणारी छोटी नळी) लोअर रिसीव्हरच्या (रायफलचा खालचा सांगाडा) मागच्या गोल भागावर जाऊन आदळणार. ॲल्युमिनियमवर पोलाद, गोळीगणिक. लोअर फुटतो, आणि अमेरिकेत कायद्याने लोअर म्हणजेच बंदूक, तो पार्ट टपालाने थेट घरी मागवून बदलता येत नाही. उलट केलं, म्हणजे कार्बाइन नळीत लांब बफर, तर कॅरियर पुरेसा मागे जाणारच नाही. म्हणून वापरलेली रायफल घेतली असेल किंवा कोणी आधी उघडलेली असेल तर आतला बफर मोजा, नळीची खोली मोजा, आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

नळी मिल-स्पेक (सैन्याच्या मापाची) की कमर्शियल (बाजारातल्या मापाची) हा वाद बफरपुरता बिनकामाचा आहे. मिल-स्पेक नळी बाहेरून १.१४८ इंच जाड, कमर्शियल १.१६८ इंच, फरक फक्त स्टॉक बसतो की नाही यात. नवीन घेत असाल तर मिल-स्पेकच घ्या, स्टॉकचे पर्याय जास्त मिळतात आणि धातूही बहुतेक वेळा जास्त टणक, ७०७५ ॲल्युमिनियम असतो.

९ एमएम आणि .३०८ गोळीच्या रायफलवाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. .३०८ मध्ये तर कंपनीगणिक नळी आणि बफर बदलतात, तिथे ज्याची रायफल त्याचाच सेट घेतलेला बरा.

स्प्रिंग, जिच्याकडे कोणी बघत नाही

बफर बदलणारे शंभर, स्प्रिंग मोजणारा एखादा. बाहेर काढून टेबलावर मोकळी ठेवा आणि टेपने मोजा. कार्बाइन स्प्रिंग १० पूर्णांक १/१६ इंच ते ११ पूर्णांक १/४ इंच यांच्या मध्ये हवी, वेटोळी ३७ ते ३९. रायफल स्प्रिंग ११ पूर्णांक ३/४ ते १३ पूर्णांक १/२ इंच, वेटोळी ४१ ते ४३. खालच्या आकड्यापेक्षा आखूड झाली असेल तर विचार न करता बदला. दमलेल्या स्प्रिंगमुळे कॅरियर मागे जोरात आपटतो आणि पुढे जाताना ताकद कमी पडते, म्हणजे धक्काही वाढतो आणि गोळी नीट चेंबरमध्येही बसत नाही, आणि माणूस दोष देतो बफरला. ए-५ नळीत रायफलचीच स्प्रिंग लागते, कार्बाइनची नाही, हे विसरू नका.

चपट्या तारेच्या स्प्रिंगा चांगल्या असतात, लवकर दमत नाहीत आणि नळीत घासल्याचा तो "झुंइंग" आवाज कमी करतात. फक्त कंपनीच्या जास्तीच्या ताकदीच्या स्प्रिंगा उगाच घेऊ नका, जास्त ताकदीची स्प्रिंग आणि वर जड बफर असं दोन्ही एकदम केलं की काय कशामुळे बदललं तेच कळत नाही. बफर आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर बसवलेले तयार सेट पण मिळतात, जेपी कंपनीचा त्यात सगळ्यात जास्त दिसतो, आवाज खरंच जातो आणि ओढायला मऊ लागतं, पण महाग आहेत. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणाऱ्याने घ्यावा, घरच्या एका रायफलला साधा सेट भरपूर झाला. हायड्रॉलिक बफरबद्दल माझं मत असं की तो शेवटचा दणका मऊ करतो हे खरं, पण आत सील आहे, म्हणजे कधीतरी गळणार, आणि गॅस जास्त असेल तर मूळ दुखणं तसंच राहणार.

गॅस, आणि मग वजन

गॅस पोर्ट चेंबरच्या जितका जवळ तितका दाब जास्त. या अंतराला तीन नावं आहेत: कार्बाइन गॅस जवळचा, मिड-लेंग्थ मधला, रायफल गॅस लांबचा. १६ इंची बॅरलवर कार्बाइन गॅस म्हणजे अंगावर येणारी रायफल, त्याच बॅरलवर मिड-लेंग्थ गॅस बरीच मवाळ, २० इंची बॅरलवर रायफल गॅस सगळ्यात गोड चालते. बऱ्याच कंपन्या पोर्टचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, कारण ग्राहक स्वस्तातली कमजोर गोळी घालणार आणि रायफल अडकली तर शिव्या कंपनीला बसणार. त्यामुळे बाजारातल्या बहुतेक रायफली गरजेपेक्षा जास्त गॅस घेतात आणि म्हणूनच जड बफरचा उपयोग होतो. पण फार जास्त गॅस असेल तर ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक हाच खरा इलाज. सायलेन्सर लावणाऱ्यांनी तर आधी तोच बघावा, कारण सायलेन्सरने मागे येणारा दाब वाढतो.

वजनांचं गणित असं: साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंस, आत तिन्ही वजनं पोलादाची. एच-१ मध्ये एक पोलादी वजन जाऊन टंगस्टनचं येतं, ३.८ औंस. एच-२ मध्ये दोन टंगस्टन, ४.६ ते ४.७ औंस. एच-३ मध्ये तिन्ही टंगस्टन, साडेपाच औंसाच्या आसपास. रायफल बफर ५ औंसाच्या थोडा वर. ए-५ मध्ये जो सगळ्यात जास्त विकला जातो तो ए-५ एच-२, ५.३ औंस. ग्रॅममध्ये बघायचं तर साध्या कार्बाइन बफरचे ८५ ग्रॅम आणि ए-५ एच-२ चे १५० ग्रॅम. किचनचा काटा काढा आणि आलेला बफर मोजा, शिक्का एक आणि वजन भलतंच असं स्वस्तातल्या मालात होतं.

आता माझी शिफारस. १६ इंच मिड-लेंग्थ, कार्बाइन नळी: एच-१ पासून सुरुवात करा. १६ इंच कार्बाइन गॅस: एच-२. २० इंच रायफल गॅस आणि रायफल नळी: मूळचा रायफल बफर, हात लावू नका, ती जोडी मुळातच जुळलेली आहे. नव्याने बांधत असाल आणि सरकता स्टॉक हवा असेल तर थोडे पैसे जास्त टाकून ए-५ घ्या, रायफलची लांब स्प्रिंग आणि जड बफर यामुळे चालण्यात जो सारखेपणा येतो तो कार्बाइन नळीत काहीही घालून येत नाही. साध्या ३ औंसाच्या बफरला माझ्या मते आज फारसं स्थान नाही, फक्त पोर्ट लहान असेल किंवा मवाळ गोळ्याच वापरायच्या असतील तरच.

फक्त बफर आणि स्प्रिंग बदलायची असेल तर

मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा. गोळ्या त्या खोलीतच नकोत. चष्मा घाला, स्प्रिंग डोळ्याकडेच उडते.

बोल्ट सावकाश पुढे सोडा, पण ट्रिगर दाबू नका, हॅमर (ट्रिगर दाबल्यावर सुटणारा हातोडा) मागे दबलेलाच हवा. मागची टेकडाउन पिन (वरचा आणि खालचा भाग जोडणारी) ढकलून अपर, म्हणजे बॅरलवाला वरचा भाग, उघडा, सोयीसाठी पुढचीही काढून अपर बाजूला ठेवा. आता लोअरमध्ये बघितलं तर बफरचं गोल तोंड दिसेल आणि त्याला अडवून धरलेली एक छोटी पिन, ती बफर रिटेनर. एका हाताचा अंगठा बफरच्या तोंडावर, दुसऱ्या हाताने पंचच्या टोकाने पिन खाली दाबा. बफर अंगठ्याला ढकलत बाहेर येईल, त्याला सोडू नका, सावकाश येऊ द्या. पुढे आल्यावर तो हॅमरला अडतो, हॅमर बोटाने आणखी थोडा खाली दाबला की निघतो. अपर नसताना ट्रिगर दाबून हॅमर सोडायचा नाही, तो पुढे बोल्ट कॅचवर (बोल्ट मागे अडकवणारा खटका) आणि रिसीव्हरच्या भिंतीवर आपटतो.

नळी आतून फडक्याने पुसून घ्या, स्प्रिंगला तेलाचं बोट किंवा अगदी पातळ ग्रीस, थबथबून नाही. स्प्रिंग बफरच्या बारीक बाजूने घाला आणि फिरवत फिरवत रुंद कडेपर्यंत आणा. बफरचं रुंद तोंड कॅरियरकडे, रबरी टोक मागे. आत ढकला, रिटेनर दाबा, बफर त्याच्या मागे गेला की पिन टक करून वर येते. झालं.

नळीच बदलायची असेल तर

इथे घाई करू नका, इथलं काम सैल राहिलं तर स्टॉक हातात येतो. लोअरला मॅगवेल ब्लॉकवर (मॅगझिनच्या जागेत बसणारा ठोकळा) बसवून व्हाइसमध्ये धरा, थेट व्हाइसच्या जबड्यात लोअर पिळू नका. स्टॉक काढा, कॅसल नटला (नळी लोअरवर घट्ट धरणारा खाचांचा नट) जुने स्टेकिंग (धातू ठोकून नट जागीच अडकवणं) असेल तर पान्याला जोर लागेल. नट सुटताना एंड प्लेट (नट आणि लोअरच्या मधली पातळ पट्टी) हाताने धरून ठेवा, कारण तिच्या आड टेकडाउन पिनची इवलीशी स्प्रिंग आणि डिटेंट (पिन अडवणारी खिट्टी) असतो आणि प्लेट सरकली की ती उडून गायब. गालिचा असलेल्या खोलीत हे काम करूच नका.

नवीन नळीवर आधी कॅसल नट पूर्ण मागेपर्यंत फिरवा. नटाला दोन बाजू असतात: मोठ्या खाचा, ज्यात पाना बसतो, त्या मागे स्टॉककडे, आणि लहान खाचा, ज्यात स्टेकिंग करायचं, त्या पुढे एंड प्लेटकडे. मग एंड प्लेट घाला, तिचा उंचवटा पुढे लोअरच्या खाचेत बसेल असा. नळीच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि लोअरमध्ये फिरवायला सुरुवात करा.

नळीची कड रिटेनरच्या भोकाजवळ आली की थांबा. रिटेनरची स्प्रिंग आणि पिन भोकात घाला, पिन दाबून धरा आणि नळी आणखी फिरवा, कड पिनच्या खांद्यावर आली पाहिजे पण मधल्या उंच टोकाला घासता कामा नये. पिन वर-खाली मोकळी हलली पाहिजे. नळी सरळ उभी, खालची पट्टी बरोबर सहा वाजता, अशी जागा याच टप्प्यात साधायची, त्यासाठी एखादा फेरा मागे घ्यावा लागला तर घ्या, पण कड पिनवरून सुटू देऊ नका. पिन सुटली तर ती उडून ट्रिगरमध्ये पडते.

आता टेकडाउन पिन, तिचा डिटेंट आणि स्प्रिंग, मग प्लेट पुढे सरकवून नट हाताने घट्ट करा. नळी सरळ आहे ना परत बघा. टॉर्क ४० फूट-पाउंड, दोन इकडे-तिकडे चालेल. पाना टॉर्क रेंचला काटकोनात लावा, सरळ रेषेत लावला तर हाताची लांबी वाढते आणि आकडा दाखवतो त्यापेक्षा जास्त जोर पडतो. मग सेंटर पंचने एंड प्लेटचा धातू नटाच्या लहान खाचेत ढकला, दोन ठिकाणी. याला स्टेकिंग म्हणतात आणि हे टाळायचं नाही. थ्रेडलॉकर लावून स्टेकिंग चुकवणारे असतात, पण सतत धक्के खाणाऱ्या नटावर मला धातूचीच खात्री वाटते.

बसवल्यावर

अपर परत लावा आणि रिकाम्या रायफलवर चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) ओढून पाहा. रिकामं मॅगझिन घालून ओढल्यावर बोल्ट अडकतोय का, सोडल्यावर पूर्ण पुढे जातोय का. मग एक बारीक गोष्ट बघा, जी बहुतेक जण बघत नाहीत: रायफल बंद असताना कॅरियरच्या मागच्या कडेने बफरला रिटेनर पिनपासून किंचित मागे ढकललेलं असलं पाहिजे. मागची पिन काढून अपर हळू हळू उघडताना बफर पुढे येऊन पिनला टेकताना जाणवतो. तो आधीपासूनच पिनला टेकलेला असेल तर प्रत्येक गोळीला बफर त्या पिनवर आदळणार, तिचं टोक एक दिवस तुटणार आणि आतल्या ट्रिगरच्या भागात पडणार. तसं दिसलं तर बफर, नळी आणि कॅरियर यांची जुळणी परत तपासा.

रेंजवर मॅगझिनमध्ये एकच गोळी घाला, झाडा, बोल्ट अडकला पाहिजे. मग पुन्हा तेच, वेगवेगळ्या मॅगझिननी, आणि तुम्ही वापरता त्यातल्या सगळ्यात मवाळ गोळीने, साध्या स्वस्त .२२३ ने, जास्त दाबाच्या ५.५६ ने नाही. रायफल खांद्याला घट्ट न दाबता जरा सैल धरूनही करून पाहा. ज्या सगळ्यात जड बफरवर ही मवाळ गोळी दर वेळी बोल्ट अडकवते तो तुमच्या रायफलचा बफर. मिनेसोटा, मिशिगनसारख्या थंडीत वापरणार असाल तर त्याच्याहून एक पायरी हलका घ्या, गारठ्यात तेल घट्ट होतं आणि दाबही कमी पडतो.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा, बॅरलची दिशा बारा वाजता धरली तर तीन ते साडेचारच्या दरम्यान पडल्या तर छान. एक-दोन वाजता पुढे जात असतील तर कॅरियर फार जोरात पळतोय, पाचच्या मागे घरंगळत असतील तर दम कमी पडतोय. पण यावरच निर्णय घेऊ नका, इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणारा पार्ट) स्प्रिंग जुनी-नवी असली तरी दिशा बदलते. आणि बोल्ट अडकला नाही म्हणजे दरवेळी दम कमीच असं नसतं, कॅरियर इतका वेगात परत येतो की बोल्ट कॅचला वर यायला वेळच मिळत नाही असंही होतं. अशा वेळी पुंगळ्यांची दिशा उपयोगी पडते: बोल्ट अडकत नाही आणि पुंगळ्या पुढे उडतायत तर वजन वाढवा, बोल्ट अडकत नाही आणि पुंगळ्या मागे पडतायत तर वजन कमी करा, किंवा त्याआधी गॅस कीचे स्क्रू सैल झालेत का, गॅस ब्लॉक सरकलाय का, बोल्टच्या गॅस रिंग घासल्यात का ते बघा. पुंगळीची कड वाकलेली किंवा एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढणारा आकडा) ओरबाडलेली दिसली तर तो जास्त गॅसचा पुरावा समजा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच पेटीतल्या गोळ्यांनी परत तपासा. नट आणि प्लेटवर पेंट मार्करने एक रेघ ओढून ठेवा, रेंजवरून आल्यावर रेघ सरळ जुळतेय का बघायचं. पहिल्या काही वेळा रायफल साफ करताना रिटेनर पिनचं टोकही बोटाने चाचपून बघा, एका बाजूने चपटं व्हायला लागलं असेल तर पिन लगेच बदला आणि वरची जुळणी पुन्हा तपासा.